खिंडीतली कावड

कन्हेरी गावच्या कावडीची रीत साधी. नीरेचं पाणी दोन तांब्याच्या घागरींत भरायचं, चैत्रात शिंगणापूरच्या शंभू महादेवाला न्यायचं, वाटेत कावड भुईला टेकवायची न्हाय. आणि घाट चढून खिंडीत शिरताना ती ज्याच्या खांद्यावर असेल, त्याच्या घरी ती वर्षभर नांदायची. पंचवीस वर्षं तो खांदा झुंबरचा होता. दुसऱ्या कुणाची टाप नव्हती हात लावायची.

एकोणीसशे चौतीस साली मात्र झुंबर मोटेवर घसरला आणि गुडघ्याचा भोपळा झाला. बायको प्रयागबाईचं माहेर गावातच. ती म्हणाली, "माझ्या भावाला संगं न्या. मोहन तुमास्नी अंतर द्यायचा न्हाय."

आणि मोहनराव तरी काय गुणाचा! वाटभर दाजी-दाजी करत होता. मुक्कामाला रुईची पानं गरम करून गुडघ्याला बांधायचा, झुंबरच्या आधी घास तोंडात घालायचा न्हाय. लोक म्हणायचे, मेहुणा असावा तर असा. झुंबरचा ऊर भरून यायचा. भोळा गडी, दुसरं काय!

घाटाची पायवाट उभी, दगडी. निम्म्यात झुंबरचा गुडघा लटपटला, घागरी हिंदकळल्या.

"दाजी, द्या हिकडं," मोहनराव म्हणाला. "त्या वडाखाली घटकाभर टेका. खिंडीच्या आल्याड मी उभा ऱ्हातो. शेवटल्या धा पायऱ्या तुमच्याच."

"नक्की?"

"तायडीची आन!"

सख्ख्या बहिणीची शपथ घेतल्यावर आणखी काय पाहिजे? झुंबरनं कावड दिली. वडाखाली बसून पाणी प्याला, पाय चोळला. उघड्या डोंगरांच्या पायथ्याला फलटणचं रान पसरलं होतं, त्यापलीकडं नीरेची रेघ, आणि पार कडेला कालव्याकाठच्या उसाचा हिरवा पट्टा. तितंच कुठंतरी आपलं घर, आणि दारात प्रयागी. त्याला लई बरं वाटलं.

तेवढ्यात वर हलगी कडाडली. "हर हर महादेव!" आवाज खिंडीच्या पल्याडचा होता.

झुंबर हातापायांवर चढला. खिंडीपल्याड कावडीचे म्होरके तात्याबा मोहनरावाला मानाचा फेटा बांधत होते.

"तात्याबा, ह्ये काय?"

म्हाताऱ्यानं नजर चुकवली. "ह्योच म्हनला, दाजींनी कावड सोडली म्हनून. खिंडीतनं आली ह्येच्या खांद्यावर. आता रीत हाय, झुंबर."

झुंबरनं मेहुण्याकडं पाहिलं. मोहनराव फेट्याचा शेमला नीट करत होता. "बहिणीच्या घरी काय आन भावाच्या घरी काय, दाजी. कावड घरातच हाय की!"

झुंबरच्या काळजाला घरं पडली. "अरं, तिनं सडा घातला असंल, दारात आरतीचं ताट घेऊन उभी ऱ्हाईल. तिला काय सांगू रं?"

मोहनरावानं खांद्यावरची कावड सावरली आणि तो देवळाकडं वळला.

पूजा झाली, मंडळी परत निघाली. उतार पाहून झुंबरचा पाय उचलंना. मोहनराव पुढं झाला. "या दाजी, खांद्यावर हात टाका."

"माझ्या मयतालासुदिक तुझा खांदा लागता कामा नये!"

हलगी थांबली. झुंबर मटकन खाली बसला आणि सगळ्यांच्या देखत, बूड घासत, एकेक दगड खाली उतरू लागला. धोतर फाटलं, तळहात सोलले. मागनं कावड आली आणि पुढं निघून गेली.

दोन दिवस मागं पडून तो कन्हेरीला पोचला. प्रयागबाईला काय सांगायचं ते वाटभर घोकलं होतं. तुझ्या भावानं गळा कापला, एवढंच.

दारात रांगोळी होती, कुणाचा पाय न पडलेली. उंबऱ्यावर प्रयागबाई बसली होती. हलगी आपल्या दारावरनं भावाच्या आळीला वळलेली तिनं ऐकली होती. तिनं फाटकं धोतर पाहिलं, सोललेले हात पाहिले.

झुंबरनं तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली.

"मीच धाडला वं त्याला तुमच्या संगं."

तो तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला.