आजार पिणारा मासा

रांग जिन्यापासूनच सुरू व्हायची. चपला काढून, मोबाईल बंद करून लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे. कुणी बोलायचं नाही. खोकला आला तरी तोंडावर रुमाल दाबायचे. आत मासा होता.

खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे. अंधारात भिंतभर काचेची टाकी, खाऱ्या पाण्याची, वर निळा दिवा. आत दगडांवर वाढलेली जिवंत पोवळी, कुणीतरी बोटं हलवतंय अशी हलणारी. त्यांच्यामधून तो फिरायचा. तळहाताहून लहान, काळपट निळा, अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. बघत राहिलं की वाटायचं, वर्तुळं गरगर फिरतायत. त्या जातीला एंजलफिश म्हणतात. काका त्याला 'पिणारा' म्हणायचे.

हे काका आधी घरोघरी पडदे बसवायचे. आमच्याकडचा दांडा त्यांनीच बसवलाय, अजून वाकडा आहे. आता ते पांढरा सदरा घालून टाकीशेजारी स्टुलावर बसायचे आणि इतकं हळू बोलायचे, की समोरच्याला पुढं वाकावंच लागायचं. आजारी माणसानं काचेला तोंड लावून श्वास सोडायचा. एकेक वर्तुळ म्हणजे आजाराची एकेक गाठ. पिणारा गाठी सोडवतो. वर्तुळं मोडून सरळ पट्टे झाले, की आजार माशात गेला. मासा मध्येच पोवळ्याला तोंड मारायचा, तर काका डोळे मिटून म्हणायचे, "बघा, तुमचं दुखणं पचत नाहीये त्याला." ही जात पोवळी कुरतडतेच. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं? माझ्याही अंगावर काटा आला होता.

आम्ही गेलो दादासाठी. दादाला फिट येते. तो फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या मशीनवर होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत फिट आली आणि मालकानं त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. खोक्यांना टेप लावायची. ज्या पोरांना त्यानं लाकूड धरायला शिकवलं, ती त्याला 'टेपवाला' म्हणायला लागली. गोळ्यांनी फिट थांबली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, मशीनचं नंतर बघू, पण गोळी चुकवायची नाही. दादाला ते 'नंतर' नको होतं.

काकांना नेमकं तेच कळलं. ते म्हणाले, गोळी आजाराला अंगात कोंडून ठेवते, मग पिणाऱ्यानं ओढायचं कसं? आईनं त्याच दिवशी गोळ्यांची पाकिटं कपाटावर टाकली. मी भांडले. आई म्हणाली, तू शाळा सोडलीस तेव्हा मी गप्प बसले, आता तू गप्प बस.

मग टाकीवर काळं कापड पडलं. पिताना त्याला कुणी बघायचं नसतं म्हणे. काही आठवड्यांनी कापड निघालं आणि बायका रडायलाच लागल्या. मासा चांगला मोठा झालेला, शेपटीकडं अजून वर्तुळं, पुढं पिवळे पट्टे. काका म्हणाले, आजारानं फुगलाय, आणि कापड परत टाकलं.

मला दोन गोष्टी खटकल्या. लोक काचेवर श्वास सोडायचे, तेव्हा शांतता हवी म्हणून काका टाकीचा पंप बंद करायचे. पाणी थांबायचं, पण पंपाची गुरगुर चालूच असायची. ती मागच्या दारावरच्या पडद्याआडून यायची. आणि टाकीपासून त्या पडद्यापर्यंत फरशीवर मिठाचे पांढरे डाग वाळलेले होते. कुणीतरी भरल्या बादल्या नेल्यासारखे. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही. सोमवारपासून मशीनवर येतो, पूर्ण बरा झालोय, असं तो मालकाला सांगून आला होता. फक्त शनिवारी शेवटचं कापड निघायचं बाकी होतं.

शनिवारी येताना रात्रभर जागून या, असा काकांचा हुकूम होता. झोपलेल्या माणसात आजार परत शिरतो. दादा जागला. सकाळी त्याचे डोळे लाल झाले होते आणि चहाचा कप हातात नीट धरता येत नव्हता. मी आईला म्हटलं, आज नको जाऊया. आईनं ऐकलं नाही.

खोली गच्च भरली होती. काकांनी कापड ओढलं. आत ताटलीएवढा मासा, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, डोळ्यांवर काळी पट्टी, चोरानं बांधावी तशी. एकही वर्तुळ नाही. सगळ्यांचे हात जोडले गेले. गलक्यानं मासा दचकला आणि पाण्यातून ठक्, ठक् असा आवाज आला. घाबरला की हा मासा असाच आवाज काढतो. काका म्हणाले, "शेवटचा आजार आहे. दार ठोठावतोय."

आणि दादा पडला.

डोकं फरशीवर आपटलं. हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. काका म्हणाले, "हात लावू नका. निघतोय तो." लोक खरंच मागं सरकले. गोल करून उभे राहिले आणि माशाकडं बघत राहिले. दादाच्या तोंडातून रक्त येत होतं आणि आई काकांच्या तोंडाकडं बघत होती, पोराला शिवायची परवानगी मागितल्यासारखी.

"आई, इकडं बघ," मी म्हटलं.

लोकांना ढकलून मी आत घुसले. दादाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझं जाकीट सारलं. झटके थांबेपर्यंत धरून बसले. त्याचा श्वास सरळ झाला, तसं त्याचं डोकं आईच्या मांडीवर दिलं, उठले आणि तो मागचा पडदा ओढला. हाही दांडा धड बसवलेला नव्हता, सगळाच खाली आला.

आत दोन टाक्या होत्या. एकीत अर्धी वर्तुळं, अर्धे पट्टेवाला मासा. दुसरीत छोटा, पांढऱ्या वर्तुळांचा, आम्हाला पहिल्या दिवशी दाखवलेला. शेपटीजवळचं एक वर्तुळ तुटलेलं होतं, ते मला पक्कं आठवत होतं.

"दादाचा आजार पिऊन हा मोठा झाला ना?" मी विचारलं. "मग हा इथं कसा?"

काका म्हणाले, ती त्याची सावली आहे. एक म्हातारे ड्रायव्हर पुढं आले. ते गुडघ्यांसाठी यायचे. त्यांनी अर्ध्या पट्ट्यांच्या माशाला निरखलं आणि विचारलं, "आणि आम्ही नसताना या दोघांवर कोण श्वास सोडतं?" काका खाली पडलेला पडदा उचलून टाक्यांवर टाकायला लागले.

डॉक्टरबाईंनी नंतर मोबाईलवर फोटो दाखवले, आम्हाला आणि ज्यांना बघायचं होतं त्यांनाही. ही जात लहानपणी वर्तुळांची असते आणि वाढताना पट्ट्यांची होते. वेगळा रंग बघून मोठे मासे पिल्लाला आपल्या जागेचा दावेदार समजत नाहीत, म्हणून ते वाचतं. कुणी श्वास सोडो न सोडो, रंग बदलतोच. पण त्याला बरेच महिने लागतात. तेवढा धीर आमच्यात नव्हता आणि काकांच्यात तर नव्हताच. म्हणून कापडाखाली मासेच बदलायचे. एका टाकीत ठेवले तर भांडतात, म्हणून तीन टाक्या. आणि दादाची फिट? गोळी बंद, वर रात्रभर जागरण. बाई म्हणाल्या, ती सोमवारी करवतीवर आली असती.

काका टाक्या घेऊन रातोरात गेले. कुठल्या तरी दुसऱ्या जिन्यावर रांग लागली असेल. आमच्याकडचे काही जण अजून म्हणतात, पोरीनं पडदा ओढला म्हणून शेवटची गाठ राहिली. दादा गोळी घेतो, पॅकिंगला जातो, माझ्याशी मोजकंच बोलतो. चालेल मला.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि कुणी असलं काही दाखवायला लागलं, तर एवढंच विचारा: आम्ही आलोच नसतो तर हे झालं असतं का? उत्तर मिळेपर्यंत गोळी बंद करू नका. आणि तुमचं माणूस जमिनीवर पडलं असेल, तेव्हा तरी माशाकडं बघत उभे राहू नका. त्याच्याकडं बघा.