चार नंबरचा वाफा

"चार नंबरला मोजून तेवढंच पाणी दिलंत ना?" केंद्राच्या प्रमुख बाईंनी विचारलं. वाफ्यांना पाणी देणाऱ्या झारीभाऊनं मान डोलावली, आणि जेवणाची सुट्टी होताच तो बादली घेऊन गुपचूप चार नंबरकडं निघाला.

सिंचन संशोधन केंद्र म्हणजे तेव्हा दोन खोल्या, एक पंप आणि खाटेएवढे सहा वाफे. चार नंबरच्या मक्याला नेहमीच्या पाण्याचा तिसरा हिस्साच द्यायचा आणि तो कुठवर तग धरतो ते बघायचं, असा प्रयोग होता. पण बावीस वर्षं पिकांना पाणी पाजलेल्या माणसाला माना टाकलेली रोपं बघवतात थोडीच? जित्याची खोड.

मका तरारला, कणसं दाण्यांनी भरली. बाई हरखल्या. अहवाल वर गेला, केंद्राला मोठी इमारत मंजूर झाली. झारीभाऊचा सत्कार झाला तेव्हा तो हार घालून चोरासारखा उभा होता. पुढच्या हंगामात बातमी आली, की अहवालावर विसंबून कालव्याच्या टोकाच्या गावानं आपल्या तीन हिश्श्यांतल्या दोन हिश्श्यांच्या पाण्यावरचा हक्क सोडायचं कबूल केलंय. त्याच गावात त्याच्या थोरल्या बहिणीचं शेत होतं.

त्यानं बाईंच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाईंनी उठून दार लावलं.

"आणखी कोणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. नव्या इमारतीचा पाया खणून झालाय."

बाई वाईट नव्हत्या. हे म्हणताना त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तो तडक बहिणीकडं गेला.

अक्का बांधावर होती. उभ्या जन्मात तिनं कोणाचं ऐकलं नव्हतं, नवऱ्याचंसुद्धा. भावाला बघून ती खुलली.

"लोक म्हणत होते, थापा आहेत. मी म्हटलं, माझ्या भावाच्या हातचा मका आहे. संमतीच्या कागदावर पहिली सही मी केली, मग बाकीच्यांनी केल्या."

"तो खोटा होता, अक्का. मी चोरून पाणी घालायचो."

ती मटकन खाली बसली. शिव्या देईल असं त्याला वाटलं. पण तिनं फक्त पदरानं तोंड पुसलं.

"पाणी परवाच तोडलंय," ती म्हणाली. "चल. पहिल्या घरापासून सांगत जाऊ."

अक्का पुढं आणि तो मागं, असे ते गावाकडं निघाले. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा मका अजून हिरवागार होता.