घड्याळ चुकलेल्या संगणकाची साक्ष

मी एक जुना संगणक आहे. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा आहे. मित्रांनो, हकिकत सुरू करण्याआधी एक सूचना देतो. मी सांगतो ते खरे आहे, पण केवळ मी सांगतो म्हणून ते खरे मानू नका. हा सल्ला मी बुद्धभूषणकडून शिकलो. बुद्धभूषण संगणकासाठी प्रोग्रॅम लिहितो आणि कोणावरही लवकर विश्वास ठेवत नाही.

माझा जन्म २००९ साली जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या वरच्या माळ्यावर झाला. जन्म म्हणण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. मालकाने पत्र्याचा डबा एका दुकानातून आणला, आतले भाग दुसऱ्या दुकानातून, आणि एका दुपारी स्क्रू आवळून मला उभे केले. शेवटी त्याने रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल आत बसवला. वीज गेली तरी माझे घड्याळ त्या सेलवर चालू राहते. तेव्हा त्या सेलकडे कोणी लक्ष दिले नाही. तुम्ही मात्र तो लक्षात ठेवा.

तो माळा म्हणजे सायबर कॅफे होता. पाच वर्षे मी तिथे परीक्षांचे अर्ज भरले, तिकिटे काढली, निकाल दाखवले. बोर्डाच्या निकालाच्या दिवशी माझ्यापुढे जिन्यापर्यंत रांग लागायची आणि पास झालेली मुले माझ्या डब्यावर पेढा ठेवून जायची. एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही. त्याच माळ्यावर मी दुसरी गोष्टही पाहिली. ब्राउझर प्रत्येकाला विचारायचा, तुमचा पासवर्ड लक्षात ठेवू का? माणसे आदराने हो म्हणायची, जणू कोणी चहाला विचारले आहे. हो म्हणणाऱ्यांची यादी मी ठेवली नाही. ब्राउझरने ठेवली.

बुद्धभूषण तेव्हा पॉलिटेक्निकला होता. तो दुपारी एक तास यायचा, प्रोग्रॅम लिहायचा आणि उठण्याआधी ब्राउझरची सगळी आठवण पुसायचा.

मालकाने एकदा विचारले, "अरे, बँक लुटून आल्ता का?"

"न्हाई काका. जाताना आपल्या पायाचे ठसे पुसून राह्यलो."

२०१४ साली माझी ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने तिच्या दुरुस्त्या देणे थांबवले. तारीख तिने बरीच आधी सांगितली होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. माझ्या हाडामांसात काही बिघडले नव्हते, तरी मी एका दिवसात म्हातारा ठरलो. शेजारचे चार संगणक भंगारात गेले. जालन्यात भंगार फार दिवस पडून राहत नाही. ते भट्टीत जाते आणि सळई होऊन बाहेर येते. मला बुद्धभूषणने उचलून नेले आणि माझ्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम घातली.

त्याची मते मी तेव्हापासून ऐकत आलो आहे. ब्राउझर म्हणजे धान्याच्या मोंढ्यातला आडत्या, असे तो म्हणतो. माल एकाचा, गिऱ्हाईक दुसरे, आणि दोघांचेही बोलणे याच्या कानावर. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरमालक. तुम्ही भिंतीला रंग द्या, खिळा ठोका, पण किल्ली त्याच्याकडे असते आणि तो केव्हाही येऊन विचारू शकतो, इथे भिंत पाडायची आहे, आत्ता पाडू की रात्री? नको, असे उत्तर त्यात नसते. मग लिनक्सचे काय, असे कोणी विचारले की तो म्हणतो, "त्याच्यावरबी भरवसा न्हाई. पण ते उघडून बघता येतं. बघणारे बघतात का, ते मला माहीत न्हाई."

पुढच्या वर्षी हा कारखाना सुरू झाला. प्रत्येक लॉटची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम बुद्धभूषणने लिहिला, मला या टेबलावर आणून ठेवले आणि इंटरनेटची वायर माझ्यापासून चार हात लांब ठेवली.

माझ्यासमोर आसराबाई बसतात. त्या घनसावंगीकडच्या, सातवी शिकलेल्या. त्यांचे काम रोपे मोजण्याचे. प्रत्येक लॉटमधले चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात. आठव्या दिवशी आसराबाई गुंडाळ्या उघडतात आणि शंभरातली किती नीट उगवली ते मोजतात. सोयाबीनला सत्तरच्या खाली आकडा आला की तो लॉट बियाणे म्हणून विकायचा नाही. प्रत्येक लॉटचा एक छोटा नमुना पिशवीत बंद करून, सील लावून, मागच्या फळीवर हंगाम संपेपर्यंत राखून ठेवतात. ही बियाण्याच्या धंद्यातली रीत आहे. पुढे भांडण झाले तर त्या पिशवीतले बी बोलते.

दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या कंपनीने कारखान्याला नवे सॉफ्टवेअर दिले. ते ब्राउझरमध्ये उघडते आणि सगळ्या नोंदी त्या कंपनीच्या संगणकांवर राहतात. आमचे व्यवस्थापक काकासाहेब खूश होते.

"पहिलं वर्ष फुकट देऊन राह्यले, इंजिनियर. तुमचं पोट का दुखतं?"

"काकासाहेब, एखाद्या कंपनीनं शेतकऱ्याला पहिल्या वर्षी बियाणं फुकट वाटलं, तर तुम्ही काय म्हणाल?"

"म्हणू, दुसऱ्या वर्षी मानगूट धरणार."

"मंग?"

काकासाहेब हसले आणि त्यांनी सही केली. कागदाचे रजिस्टर त्याच आठवड्यात बंद झाले. बुद्धभूषणने एक गोष्ट मात्र मान्य करून घेतली. बियाण्याचा नमुना राखता, तसा आकड्याचाही राखायचा. आसराबाईंनी प्रत्येक आकडा आधी माझ्यात भरायचा, मग नव्या सॉफ्टवेअरसाठी आणलेल्या लॅपटॉपवर. दर शनिवारी येऊन तो दोन्ही ताडून पाहणार.

आसराबाई याला म्हणायच्या, "आधी घरच्या देवाला, मंग गावच्या."

जवळजवळ दोन वर्षे दोन्ही देव एकच बोलले. काकासाहेब बुद्धभूषणला चिडवायचे, चहासुद्धा ताडून पिता का म्हणून. माझ्यावर धूळ साचत गेली. डबा कोणी उघडला नाही.

मग या जूनमधला तो शनिवार आला.

बुद्धभूषणने आकडे ताडले आणि लॉट नंबर ४१८ वर थांबला. त्याने पुन्हा पाहिले. माझ्याकडे एकसष्ट होते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चौऱ्याऐंशी होते आणि पुढे हिरव्या अक्षरांत 'पास' लिहिले होते. त्याच लॉटच्या तीनशे वीस बॅगा बाहेर गाडीत चढल्या होत्या. पेरण्या तोंडावर होत्या.

काकासाहेबांनी आधी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता. आमच्या सिस्टीममध्ये आकडा आपोआप बदलत नाही, तुमच्याकडून जे आले तेच तिथे आहे, असे त्याने तीन वेळा सांगितले. मग काकासाहेब माझ्या पडद्यावर वाकले.

"ही तारीख काय म्हणून राह्यली? एक जानेवारी दोन हजार नऊ. इंजिनियर, दोन हजार नऊ साली हितं बाभळी होत्या. आसराबाईनं बाभळीखाली बसून सोयाबीन मोजलं का?"

आतला तो सेल संपला होता. केव्हा, ते मीही सांगू शकत नाही. वीज गेली की माझे घड्याळ जन्माच्या सालावर जात होते, आणि एमआयडीसीत वीज जातच असते. जगातल्या प्रत्येक कंपनीच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या बुद्धभूषणने माझी तारीख एकदाही वाचली नव्हती. त्याचा चेहरा उतरला.

"तारीख न्हाई म्हणजे हा आकडा कालबी टाकता येतो अन् आजबी," काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "दोन जागी दोन आकडे. भरणारं माणूस एकच. आसराबाई, एक तर खोटा हाय. खोटा आकडा भरणारं माणूस मला इथं ठेवता येत न्हाई."

"मी एकसष्टच मोजले साहेब."

"मंग चौऱ्याऐंशी कोणी भरले?"

बटण आपणच दाबले, एवढेच आसराबाईंना आठवत होते.

बुद्धभूषण म्हणाला, "मावशी खोटं बोलणार न्हाईत."

"तुमचा तर कोणावरच भरवसा नसतो. आज कसा बसला?"

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आसराबाई उठल्या, फळीपाशी गेल्या आणि ४१८ ची सीलबंद पिशवी काढून त्यांनी काकासाहेबांपुढे ठेवली.

"माझं ऐकू नका साहेब. ह्या डब्याचं ऐकू नका अन् बुद्धभूषणचंबी ऐकू नका. नमुना फोडा. मोजायला तुम्ही बसा. मी खोटी निघाले तर आपल्या पायानं घरी जाईन. तेवढी गाडी थांबवा."

"आठ दिवस लागतेत. तवर पेरण्या होऊन जातील."

"एकसष्टाचं बी रानात गेलं तर पेरणी दुबार करायची पाळी येईल. ते शेतकरी मंग कोणाच्या दारात येतेत?"

काकासाहेबांनी पिशवी हातात घेऊन सील उलटसुलट पाहिले. ते शाबूत होते. मग ते दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "गाडी खाली करा."

मित्रांनो, पुढचे आठ दिवस मी बंद होतो. कोणी आकडा बदलू नये म्हणून बुद्धभूषणने माझी वायर काढून काकासाहेबांच्या कपाटात ठेवली होती. त्यामुळे त्या दिवसांबद्दल मला जे माहीत आहे ते ऐकीव आहे. दुकानदारांचे फोन येत होते, असे कळते. पाचव्या दिवशी गुंडाळ्या थोड्या उकलून पाहिल्यावर काकासाहेबांनी त्या स्वतःच्या हातांनी पुन्हा गुंडाळून ठेवल्या, असेही कळते.

आठव्या दिवशी मला पुन्हा सुरू केले. टेबलाच्या एका बाजूला आसराबाई होत्या, दुसऱ्या बाजूला चष्मा लावून काकासाहेब. दोघांनी तीच रोपे वेगवेगळी मोजली, आपापल्या कागदावर, एकमेकांना न दाखवता. चारशेमध्ये काकासाहेबांची दोनशे एकोणपन्नास भरली. आसराबाईंची दोनशे सेहेचाळीस. पास व्हायला दोनशे ऐंशी लागतात.

"तीन कमी कशी धरली?" काकासाहेबांनी विचारले.

आसराबाईंनी एक रोप उचलून त्यांच्या पुढे धरले. "वरून हिरवं हाय. खाली बघा, मूळ कुठंय? चष्म्याचा नंबर बदला साहेब."

काकासाहेबांनी आपला आकडा खोडून दोनशे सेहेचाळीस लिहिले. शंभरात साडेएकसष्ट झाले. लॉट रद्द झाला आणि त्या बॅगा तेलाच्या गिरणीकडे गेल्या.

चौऱ्याऐंशी कुठून आले, ते बुद्धभूषणने त्याच दुपारी लॅपटॉपवर करून दाखवले. आसराबाई आकडे भरत असताना ब्राउझरने स्वतःची नवी आवृत्ती घेतली, स्वतःला बंद केले आणि पुन्हा उघडले. मदत म्हणून त्याने अर्धवट भरलेले पानही परत आणले. पण परत आणताना लॉट नंबर नवा आला, आकडा मागच्या ४१७ चा आला. आसराबाईंनी वरचा नंबर पाहिला आणि बटण दाबले. कंपनीचा माणूस खोटे बोलला नव्हता. त्यांच्याकडे जे पोचले तेच तिथे होते.

आसराबाई एवढेच म्हणाल्या, "मी आकडा वाचायला पायजे होता."

काकासाहेबांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी कागदाचे रजिस्टर टेबलावर आले. प्रत्येक आकड्यापुढे आसराबाईंची सही असते आणि तिच्या खाली काकासाहेबांची. नवे सॉफ्टवेअरही चालू आहे. दुसरे वर्ष संपून त्याचे बिल आले, तेव्हा काकासाहेब मानेवरून हात फिरवत बसले होते.

बुद्धभूषणने माझा डबा उघडला तो लॉट रद्द झाला त्याच संध्याकाळी. आत पंख्याला धुळीची गादी झाली होती. त्याने ती ब्रशने काढली आणि जुना सेल नखाने उचकटला.

"मावशी, सगळ्या जगावर संशय घेतला. ह्याच्यावर तेवढा घ्यायचा राह्यला."

"घरचा म्हणून सोडला असंल," आसराबाई म्हणाल्या.

तर मित्रांनो, माझे मागणे फार मोठे नाही. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात माझ्यासारखा कोणी जुना असेल तर वर्षातून एकदा त्याचा डबा उघडा, धूळ झाडा, सेल बदला. त्याला टाकून देऊ नका. आणि तो घरचा आहे म्हणून त्याला तपासल्याशिवाय सोडूही नका. तुमच्या मोलाच्या गोष्टीचा एक नमुना तुमच्याच फळीवर राखून ठेवा. तो गावच्या देवावर सोपवू नका, आणि एकट्या माझ्यावरही नको. एक दिवस माझ्या पत्र्याची सळई होणारच आहे. त्याआधी माझ्यातल्या नोंदी तेवढ्या काढून घ्या.

आज माझ्या घड्याळात तारीख बरोबर आहे. तरीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहून घ्या.