चार पिशव्यांचा भार

मित्रांनो, मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. एका लहानशा कारखान्यात माझा पोलादी दांडा घासूनपुसून लखलखीत केला, वर चार आकडे जोडले, खाली चाके बसवली आणि मला कर्करोगाच्या वॉर्डात पाठवले. तिथे रुग्ण सकाळी येत, खुर्चीत बसून शिरेतून औषध घेत आणि संध्याकाळी घरी जात.

माझ्या वाट्याला बहुतेक स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आले. हा आजार मोठा लबाड. पोटात खोल दबा धरून बसतो आणि बहुतेक वेळा पसरल्यावरच तोंड दाखवतो. त्या काळी त्यावर एकच औषध देत. माझ्या एका आकड्याला पिशवी लागे, बाकीचे रिकामे. माणसांची तोंडओळख होते न होते तोच ती यायची बंद होत.

काही वर्षांनी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. माझे सगळे आकडे भरले. "आता कुठे याचा पुरता उपयोग होतोय," सिस्टर म्हणाल्या, आणि मी फुशारून गेलो. त्याच सुमारास पेंटरकाका आले. शहरातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या.

नव्या औषधांनी काकांच्या गाठी आटल्या. ते पुन्हा नीट जेवू लागले, शिडीवर चढून पाट्या रंगवू लागले. पण त्या औषधांचा एक जाच होता. गार वस्तूला बोट लागले की सुया टोचल्यासारखे होई. माझा दांडा म्हणजे गारच. मला धरून चालताना काका कळवळत. शेवटी काकूंनी जुन्या स्वेटरची बाही कापून माझ्या दांड्यावर चढवली.

पुढे बोटे बधिरच झाली. ब्रश हातात आहे की गळून पडला, हे खाली पाहिल्याशिवाय काकांना कळेना.

"माझं अक्षर आता डॉक्टरसाहेबांसारखं झालंय," ते सिस्टरांना म्हणाले. सिस्टर हसल्या. काकू हसल्या नाहीत.

मग गाठी पुन्हा वाढल्या. तेव्हा काकांच्या मुलीने एका गोळीची बातमी आणली. ज्या बिघडलेल्या जनुकामुळे हा कर्करोग फोफावतो, त्याच्या वाटेला जाणारे औषध इतकी वर्षे कुणाला सापडले नव्हते. ही गोळी नेमकी त्यालाच वेसण घालत होती. तिची चाचणी सुरू होती.

"बाबांना घ्या ना त्यात," ती डॉक्टरांना म्हणाली.

"अट आहे. स्वतःचं सगळं स्वतः करता यायला हवं. दिवसभर पडून राहणाऱ्याला घेत नाहीत."

काकांनी मला धरले आणि ते उठले. "हे बघा, चालतो मी." दाराशी पोचायच्या आतच त्यांचे गुडघे वाकले. सिस्टरांनी सावरले म्हणून पडले नाहीत.

"तुमच्याच औषधानं त्यांची ताकद गेली," काकू म्हणाल्या. "आणि आता ताकद नाही म्हणून औषध नाही?"

डॉक्टरांनी खाली पाहिले. "आजारानंही गेली. पण तुमचं खोटं नाही."

काका गेले. जुन्या औषधावर मिळाले नसते इतके दिवस त्यांना मिळाले, हे खरे. त्यातले बरेचसे ब्रश न धरता गेले, हेही खरे.

पुढे ती गोळी आली. रुग्ण ती घरीच घेऊ लागले. अंगावर पुरळ उठते, तोंड सोलते, पण माणसे कामावर जातात. काही काळाने तिचाही जोर ओसरतो आणि ती पुन्हा खुर्चीत येतात. वॉर्डात डॉक्टरांचा सत्कार झाला. "केवढा पल्ला गाठला आपण," एक पाहुणे म्हणाले. टाळ्या वाजल्या. काकांची खुर्ची पुष्पगुच्छ ठेवायला घेतली होती.

माझे चाक मोडले, तसे मला अडगळीच्या खोलीत बादल्यांच्या सोबतीला ठेवले. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचे वाटते.

मित्रांनो, शेवटी शेवटी काकांना भेटायला खूप माणसे आली. प्रत्येकाने एखाद्या नव्या औषधाची बातमी आणली. "थोडं थांबा, पुढच्या वर्षी येतंय," म्हणून सगळे निघून गेले. आजारी माणसाकडे जाल तेव्हा पुढचे वर्ष घेऊन जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याने आयुष्यभर काय केले ते विचारा. काकांना सांगायचे होते. विचारले मात्र कुणीच नाही.