वरचा कागद

परदेशातल्या एका मोठ्या शहरात एक सत्र चित्रकला शिकायला जायचं ठरलं, तेव्हा मामा म्हणाला, "चित्रं काढायला तिकडे कशाला? इथे भिंती कमी पडल्या का?" आत्याने लगेच री ओढली. बाबा शाळामास्तर, सहसा कोणाला उलट बोलत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या अर्जावर सही केली आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. आपल्यापैकी कोण गेलं होतं?"

तर मी गेले. हात चांगला तयार होता. माठ, पंजे, कपड्यांच्या चुण्या, काय म्हणाल ते काढून दाखवलं असतं, पण तिथे हाताला कोणी विचारीना. वर्गातला एक मुलगा निरनिराळ्या खोल्यांतली धूळ बाटल्यांत भरून ठेवायचा. एक मुलगी रिकाम्या चौकटीकडे पाठ करून उभी राहायची आणि मग डोंगर चढून आल्यासारखी खाली बसायची. त्यांच्यावरची चर्चा जेवणाची सुट्टी झाली तरी संपायची नाही. माझ्या चित्रापाशी सर यायचे, "हम्म" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. मी त्यांचं नाव हम्मसर ठेवलं.

एकदा मात्र ते थांबले. "अचूक आहे. पण यात तू कुठे आहेस?"

"मी इथे, कागदाच्या अलीकडे बसले होते," मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

सत्राच्या शेवटी प्रदर्शन होतं. ज्याला भिंत मिळणार नाही तो नापास, असं हम्मसरांनी सांगून टाकलं होतं. नापास होऊन परत जाणं म्हणजे मामाच्या हातात आयतं कोलीत देणं. आणि मामा मला काही बोलला नसता, बाबांना बोलला असता. तेवढ्यासाठी मला ती भिंत हवी होती.

आमचा मॉडेल म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. पोट सुटलेलं आणि अंगावर चिंधीसुद्धा नाही. शेजारी हीटर असायचा, त्यामुळे त्यांची एक बाजू टोमॅटोसारखी लाल आणि दुसरी निळसर पडलेली. मी मनातल्या मनात त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे आणि मन लावून काढायचे.

पंचाईत रविवारी व्हायची. घरून व्हिडिओ कॉल यायचा. एका बाजूला आई, एका बाजूला बाबा आणि मधोमध आत्या. बाबांचा प्रश्न ठरलेला, "या आठवड्यात काय काढलंस?" आत्यासमोर ड्रायव्हरकाकांना त्या अवस्थेत कसं उभं करणार? मी चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवला, वरच्या कडेला चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेन्सिलीने काकांना कपडे चढवले. तिथल्या लोकांचे कपडे माझ्या हाताला पाठ नव्हते. पाठ होता तो बाबांचा शाळेचा शर्ट. खिशात निळं आणि लाल पेन, खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग, कोपरापाशी इस्त्रीला न जुमानणारी चुणी.

"माणूस खाऊनपिऊन सुखी दिसतो," आत्या म्हणाली.

"शर्ट बघितल्यासारखा वाटतोय," आई म्हणाली. बाबांनी खाली आपल्या खिशाकडे पाहिलं आणि हसले.

पुढे सवयच लागली. एका रविवारी बाबांचा स्वेटर, एका रविवारी त्यांची लग्नातली सफारी. काकांचा थाट वाढत चालला. मग एका सोमवारी मी वरचे कागद काढायला विसरले.

हम्मसरांनी कागद उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. "हम्म" म्हणाले नाहीत.

"हे कपडे कोणाचे?"

"वडिलांचे."

"घरच्यांसाठी हे झाकावं लागतं तुला?"

"आत्यासाठी," मी म्हणाले. "वडिलांनीच तर मला इकडे पाठवलं."

"सुरुवातीला असंच वाटतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. धूळवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा पुन्हा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवसापासून सगळे माझ्याशी सुतकात बोलावं तसं हळू बोलायला लागले.

भिंत मिळाली, दारासमोरची, सगळ्यांत मोठी. शेजारी लावायच्या पाटीचा मजकूर सरांनी स्वतः लिहून आणला. "मी अशा घरात वाढले जिथे शरीर हे पाप आहे. प्रत्येक चित्रावर माझ्या वडिलांचा जाच पांघरलेला आहे. कागद उचला, मला मोकळं करा."

"खाली सही तुझी हवी," ते म्हणाले. "म्हणजे आवाज तुझा राहील. काही बदलायचंय?"

बाबांचा जाच. ज्या माणसाने वर्गात कधी पट्टी उचलली नाही त्याचा. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मला मामा दिसला, भिंत दिसली. "नाही," मी म्हणाले आणि सही केली. त्या सहीवर मी पास झाले.

उद्घाटनाला लोक रांग लावून बाबांचा शर्ट उचलत होते, आत डोकावत होते, सुस्कारे सोडत होते. ड्रायव्हरकाकाही आले, टाय बांधून. त्यांनी कागद उचलून स्वतःला पाहिलं आणि हळूच परत खाली सोडला. "शर्ट बरा आहे," म्हणाले. "तिथे बसून थंडी फार वाजते."

तेवढ्यात घरून कॉल आला. बाबांनी तोच शर्ट घातला होता आणि मामाला मुद्दाम बोलावून शेजारी बसवलं होतं.

"मिळाली का भिंत?"

"मिळाली." मी सगळे कागद नीट खाली आहेत हे पाहून फोन फिरवला. मामा चष्मा लावून पुढे झुकला.

"ती शेजारची पाटी कसली?" बाबा म्हणाले. "वाच की. आम्हाला कळेल असं सांग."

मी पाटीसमोर उभी राहिले आणि वाचू लागले, "मी अशा घरात वाढले जिथे मला कोणी अडवलं नाही. प्रत्येक चित्रावर माझ्या वडिलांची माया पांघरलेली आहे."

"तीन ओळी दिसतात."

"तिसऱ्या ओळीत सगळ्यांचे आभार आहेत."

बाबांनी खिशातलं लाल पेन काढलं, ते परत ठेवून निळं काढलं. "सावकाश सांग, उतरवून घेतो," म्हणाले. मी एकेक शब्द सांगत गेले. ते फळ्यावर लिहावं तसं टपोरं लिहीत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद मामापुढे सरकवला आणि मामाने तो मोठ्याने वाचला.

"खाली सही कोणाची आहे?" बाबांनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले. पाटीवरचं तेवढंच मी खरं वाचलं.