नेटवर्कमधलं तिसरं नाव

सुदामनं राउटरमागची निळी वायर उपटली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. हिरवा दिवा लागला. नव्या कॉम्प्युटरवर नेटवर्कची खिडकी उघडून पाहिली, तर तिथं त्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या नावाखेरीज कुणी नाही.

शहापूरच्या बाजारपेठेतल्या त्या फोटो स्टुडिओत दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी बसून एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. जुन्यावर विंडोज सेव्हन. लग्नाचे अल्बम लावायचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालायचं. नव्यावर विंडोज इलेव्हन. शूटिंग सगळं त्यात उतरायचं. दोघांमध्ये वीतभर फट, आणि वाशिंदच्या लग्नाचे फोटो सकाळपासून पेन ड्राइव्हमध्ये थोडे थोडे बसून ह्या टेबलावरून त्या टेबलावर जात होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा. शेवटी वैतागून सुदामनं जगनला फोन लावला.

जगन त्याचा भागीदार. आज तो मुरबाडला एका गिऱ्हाइकाकडे गेला होता.

“नवा जुन्याला बघतच नाय रे,” सुदाम म्हणाला.

“नाय बघणार. जुन्याची बोली नव्यात बंदच करून पाठवतात. मी सांगतो तसं कर. तुझं नेटवर्क पब्लिक दाखवतंय का प्रायव्हेट?”

“पब्लिक.”

“मग प्रायव्हेट कर. आन डिस्कव्हरी चालू कर. दोघांचा वर्कग्रुप एकच हाय का, तेबी बघ.”

सुदाम एकेक करत गेला. जगनला ह्या गोष्टी तोंडपाठ. शेवटी त्यानं कुठल्याशा यादीत जुन्या शेअरिंगपुढं खूण करायला लावली. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला लागला. फोन स्पीकरवर तसाच टेबलावर होता. पलीकडून मुरबाडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

स्टुडिओत कॅमेरा जगनचा आणि माणसं सुदामची, असा सरळ हिशेब होता. जगन सापगावचा. सुदाम डोळखांबकडच्या एका पाड्यातला ठाकर. त्याच्या ओळखीवर पाड्यापाड्यातली लग्नं ह्या स्टुडिओकडे यायची. आणि ओळख म्हणजे तरी काय, तर त्याची आई रंभा. ती धवलेरी होती. हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणायला तिला चार खोऱ्यांतून बोलावणं येई. एकदा एका मांडवात कुणीतरी माइक पुढं केला तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. सुदामनं ते पाहिलं, आणि तेव्हापासून तो सगळ्यांना ठणकावून सांगे, आय मशीनपुढं नाय म्हणायची. मुंबईहून गाणी गोळा करणारे आले, त्यांना त्यानं अंगणातूनच वाटेला लावलं. जगननंही एकदा विषय काढला होता. सुदाम असा काही भडकला, की जगननं कान पकडले. सगळंच काही बाजारात मांडायचं नसतं, ह्याचा सुदामला मोठा अभिमान होता. जवळ अभिमान धरण्यासारखं दुसरं फारसं नव्हतंही.

पडदा उजळला. सुदामनं खिडकी उघडली.

“दिसला का?” फोनमधून जगननं विचारलं.

नवा दिसत होता. जुनाही दिसत होता. आणि त्यांच्या खाली तिसरं नाव होतं: जगन-स्टुडिओ.

“दिसला,” सुदाम म्हणाला.

“बघ! मी काय सांगत व्हतो,” जगन हसला. मग ते हसू अर्ध्यावरच तुटलं.

“किती दिसतात रे?”

“दोन. आपलेच.”

“बरं, बरं. लाग मग कामाला.” त्यानं फोन ठेवला.

तो तिसरा कॉम्प्युटर दुकानाच्याच वायफायवर होता, आणि वायफाय जाऊन जाऊन जाणार किती लांब? सुदामनं छताकडं पाहिलं. वरचा गाळा क्लासवाल्यानं घेतलाय, असं जगननंच सांगितलं होतं. रंगाऱ्याला शिडी हवी होती ती सुदामनं आपल्या हातानं वर चढवून दिली होती. जगन तेव्हा जिन्याखाली उभा राहून ‘जपून रे’ म्हणाला होता.

त्यानं तिसऱ्या नावावर क्लिक केलं. नाव आणि पासवर्ड मागितला. दुकानाचा पासवर्ड दोघांच्या गावांची नावं जोडून केलेला होता. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फोडून झाल्यावर दोघांनी हसत हसत तो ठरवला होता. सुदामनं तोच टाकला. कुलूप उघडलं. वेगळं व्हायचं होतं तर व्हायचं, पण निदान किल्ली तरी वेगळी करायची!

आत नव्या स्टुडिओच्या बोर्डाचं डिझाइन तयार होतं, जगनच्या एकट्याच्या नावाचं. आणि त्याच्या शेजारी एक फोल्डर: रंभाकाकी.

सुदामनं पहिली फाइल लावली. ढोल नाही, मांडवाचा गलका नाही. मागं फक्त कोंबड्यांचा कलकलाट, आणि त्याच्यावर आईचा आवाज, हळदीचं गाणं लावलेला. गाणं त्यांच्याच पडवीत म्हटलेलं होतं. फाइलवरची तारीख वाशिंदच्या लग्नाच्या दिवसाची होती. त्या लग्नाला ताप आल्याचं सांगून जगन आला नव्हता. त्या दिवशी सुदाम दोन कॅमेरे एकटा सांभाळत घामाघूम झाला होता, आणि मनात जगनची काळजी करत होता.

जगननं केसानं गळा कापला, हे मनाला लगेच पटलं. धंद्यात माणसं फुटतात. पण आई? त्या संध्याकाळी तिनंच त्याला गरम भाकरी वाढली होती आणि लग्न कसं झालं म्हणून विचारलं होतं. जगनपेक्षा तिचाच राग त्याला जास्त आला, आणि तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

गाणं संपलं. फाइल चालूच होती. जगनचा आवाज आला.

“काकी, एक इचारू? सुदामला मशीनपुढं का नाय म्हणून दाखवलीस कदी?”

आई खोकली. मग हसली.

“त्यानं इचारलं तर पायजे ना रे. एक डाव माइक बघून लाजले मी, त्याला किती वरसं झाली. तवापून तोच सांगत फिरतो, आय नाय म्हणत. लोकांसमोर पोराला खोटं कशाला पाडू?”

सुदामनं पुढची फाइल लावली नाही. वाशिंदचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवर पाठवायला लावले. ते आता सरळ जात होते. त्यानं शटर ओढलं आणि भर दुपारी मोटारसायकल डोळखांबच्या रस्त्याला घातली.

आई पडवीत नाचणी पाखडत होती. त्याला पाहून सूप मांडीवर टेकवलं.

“आज येवढ्या लवकर? मशीन बंद पडलं का रं?”

“नाय. चालू झालं.”

“मग?”

आय, मला एक गाणं म्हणून दाखव, एवढंच त्याला विचारायचं होतं. सगळी वाट त्यानं ते मनात घोकलं होतं. आईनं नाही म्हटलं नसतं, हेही त्याला आता माहीत होतं. पण आज विचारलं असतं तरी तो विचारणारा दुसरा होता; पहिला जगन.

“भूक लागली,” तो म्हणाला.