एकशे चौदावं पान

प्रकाशनाच्या कचेरीत सगळे तिला तक्तेवाली म्हणत. शर्यतीच्या जुन्या गाड्यांवरचं जे खिशात मावणारं पुस्तक शौकीन मंडळी डोळे झाकून मानत, त्यातले तक्ते तिने जुळवलेले. कुठली गाडी कुठल्या साली जिंकली, किती वेगाने पळाली, तिच्यात कुठलं तेल घालायचं, सगळं.

रविवारी सकाळी, नवी आवृत्ती बाजारात जाऊन महिना झाल्यावर, ती सहज मूळ कागदांशी पानं ताडून पाहत होती. एकशे चौदाव्या पानावर तिचं बोट थबकलं. ब्रेकच्या तेलाच्या रकान्यात एक ओळ वर सरकली होती. लाल दोन आसनी गाडीपुढे खालच्या गाडीचं खनिज तेल छापलं गेलं होतं. त्या लाल गाडीच्या ब्रेकमध्ये रबर होतं, आणि खनिज तेलाने ते रबर फुगून ब्रेक दगा देतो.

तशीच गाडी भावोजींनी तीन वर्षं खपून उभी केली होती. परवाच ताई हसत म्हणाली होती, "तुझं पुस्तक मांडीवर घेऊनच तेल भरलंय हो यांनी. रविवारी घाटात फिरवणारेत मला."

तिने ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. भावोजींचा तर लागेचना. घरची चप्पल तशीच पायात ठेवून तिने स्कूटर काढली. घाईत किल्ली दोनदा खाली पडली.

घाटाच्या प्रत्येक वळणावर ती आधी कठड्याकडे बघायची. कठडा शाबूत दिसला की श्वास सोडायची, आणि पुढचं वळण आलं की पुन्हा रोखून धरायची. चौथ्या वळणापलीकडून धूर वर येत होता. तिने स्कूटर तशीच पुढे दामटली.

गाडी चढावर, रस्त्याच्या कडेला उभी होती. चाकांतून धूर निघत होता. ताई दगडावर बसली होती, आणि भावोजी वाकून चाकाकडे बघत होते.

"अगं, तू इथे कशी?" ताई उठली.

"ब्रेक लागला तो सुटेचना," भावोजी म्हणाले. "बरं झालं, चढावर अडकला. उतारावर काही झालं असतं तर..."

"मी केलं ते," ती म्हणाली. "पुस्तकात चुकलंय. माझ्याकडून."

ताईने तिचा हात धरला.

तिथूनच तिने प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती टाकू. उगाच गाजावाजा नको."

"साहेब, पुढच्या आवृत्तीपर्यंत माणसं राहायला हवीत ना!" तिने फोन ठेवला.

तशा गाड्या असलेल्या नऊ जणांचे नंबर भावोजींकडे होते. कठड्याला टेकून ती एकेकाला लावत गेली. सहा जणांनी तेल बदललंच नव्हतं. दोघांनी पुस्तक बघून बदललं होतं. गाडी हलवणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. नवव्याच्या बायकोने फोन घेतला.

"ते ना? गाडी बाहेर काढतायत. थांबा हं."

तिकडून इंजिनाची घरघर ऐकू आली. तक्तेवालीने डोळे गच्च मिटले. बाईंची हाक ऐकू आली, मग दुसरी, जरा मोठ्याने. घरघर थांबली.

"बोला," पुरुषाचा आवाज आला, "काय झालं?"

तिला सांगायचं होतं, पण आधी रडूच फुटलं.